तेरच्या मूर्तीपासून नेपल्सपर्यंत : भूमध्य समुद्रकाठच्या एका शहराच्या प्रवासाची आखणी

गोरोबाकाकांच्या तेरला आपण दर्शनासाठी जातो, परंतु तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाऊल टाकणारे फार थोडे असतात. त्या संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, वीतभरही उंची नसलेली. तिच्याशी स्पष्ट साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीतील पाँपेई या गाडल्या गेलेल्या नगरात १९३८ साली सापडली आणि आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही अशाच घडणीची मूर्ती मिळाली, त्यामुळे पाँपेईच्या मूर्तीचा संबंध अभ्यासक आपल्या भागाशी जोडतात. मराठवाड्यातील माणसाने भूमध्य समुद्राच्या काठावरचे एकच शहर पाहायचे ठरवले, तर ते नेपल्स असावे असे मला मनापासून वाटते, आणि त्या प्रवासाची तयारी तेरपासून सुरू करावी असेही वाटते. एक दिवस काढून तेरला जावे, संग्रहालयातील मूर्ती आणि त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर शांतपणे पाहावे. पुढे नेपल्सच्या दालनात उभे राहिल्यावर या एका दिवसाचे मोल कळते.

नकाशा समोर ठेवून जुना व्यापारमार्गही एकदा बोटाने गिरवून पाहावा. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात सांगितले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. तेथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रात, पुढे उंटांच्या पाठीवर नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्र ओलांडून नेपल्सच्या आखातातील पुतेओली बंदरात हा माल उतरत असे. पुतेओली म्हणजेच आजचे पोत्सुओली. ते नेपल्सच्या अगदी लगत आहे आणि आपल्या कार्यक्रमात त्यासाठी अर्धा दिवस ठेवायचा आहे.

प्रवासाचा काळ ठरवताना आपली ऋतूंची सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर पाऊस येतो, तर भूमध्य समुद्राच्या काठावर उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस शरदापासून हिवाळ्यापर्यंत पडतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा नेपल्ससाठी उत्तम काळ आहे. आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना तेथे सकाळ-संध्याकाळ पातळ स्वेटर लागतो, आणि शाळांच्या सुट्ट्याही जुळतात, म्हणून मे महिना मराठवाड्यातील कुटुंबांना विशेष सोयीचा आहे. जुलै-ऑगस्ट टाळावेत, कारण ऊन प्रखर असते, गर्दी भरपूर असते आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अनेक स्थानिक दुकाने व खाणावळी बंद असतात.

आता कागदपत्रे. सर्वाधिक अडचणी येथेच येतात, म्हणून याविषयी सविस्तर लिहिते. पासपोर्ट मागील दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत एकत्रितपणे चालणारा व्हिसा लागतो, ज्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, परंतु आपण मुंबईपासून दूर राहत असल्याने आणि भेटीची वेळ लवकर मिळेलच असे नसल्याने निदान तीन महिने आधी कामाला लागावे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो, आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, शेंगेन प्रदेशात सर्वत्र चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस व्यापणारा हवा. विमान मध्यरात्रीनंतर निघत असेल तर विम्याच्या तारखा मोजताना हमखास चूक होते, त्यामुळे तिकीट आणि विमा शेजारी ठेवून तारखा पडताळाव्यात.

नावाचा प्रश्न आपल्याकडे फार येतो. बँकेत आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव शेवटी, कोठे वडिलांचे पूर्ण नाव तर कोठे केवळ आद्याक्षर, असा प्रकार बहुतेक घरांत असतो. आमच्या वेळी माझ्या पतींच्या बँक खात्यावर नाव आद्याक्षरांत होते. ज्यांच्यामार्फत आम्ही अर्ज भरला त्यांनी ‘चालून जाईल’ असे सांगितले, मात्र मुंबईत अर्ज देताना खुलासा मागितला गेला आणि बँकेचे पत्र हाती येईपर्यंत आम्हाला तेथे आणखी दोन दिवस मुक्काम करावा लागला. म्हणून निघण्यापूर्वीच बँकेकडून खातेदाराचे पूर्ण नाव नमूद केलेले, सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे.

शेतीवर चालणाऱ्या घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते, आणि व्हिसासाठी उत्पन्नाचा पुरावा तर द्यावाच लागतो. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ यांचा इंग्रजी अनुवाद, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, आडत्याच्या किंवा बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि त्या रकमा ज्यात जमा झाल्या ते बँक स्टेटमेंट, असा सुसंगत संच तयार करावा. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून तरी मोठी रक्कम घेऊन खात्यात भरणे टाळावे, कारण अचानक आलेला पैसा शंका निर्माण करतो. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे हंगामात एकरकमी येतात, हे एका साध्या पत्रात लिहून सोबत जोडलेले बरे.

संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई गाठता येते, परंतु विमान पकडायचे असेल तेव्हा एक दिवस आधीच पोहोचावे. नेपल्सला स्वतःचा विमानतळ आहे, तरी मुंबईहून एकदा विमान बदलून रोमला उतरणे आणि तेथून रेल्वेने जाणे हा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकात थेट गाडी सुमारे अर्ध्या तासात पोहोचते आणि तेर्मिनीहून वेगवान गाडी साधारण सव्वा तासात नेपल्सच्या मध्यवर्ती स्थानकात आणून सोडते. वेगवान गाडीचे तिकीट लवकर काढले तर स्वस्त पडते. मात्र ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर परदेशी प्रवाशांचे बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली असून रांगा लांबू शकतात, त्यामुळे विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत निदान चार तासांचे अंतर राखावे.

मुक्काम कोठे करावा, याविषयी माझे मत ठाम आहे. स्थानकासमोरचा गारिबाल्दी चौक स्वस्त असला तरी गजबजलेला असतो आणि रात्री तेथे अस्वस्थ वाटते. त्यापेक्षा भुयारी रेल्वेच्या एक क्रमांकाच्या मार्गावर दांते, म्युझेओ किंवा तोलेदो या थांब्यांच्या आसपास जागा घ्यावी. जुने शहर आणि संग्रहालय तेथून पायी गाठता येते. आरक्षणापूर्वी खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे लिहून विचारावे. तेथील जुन्या इमारती उंच आहेत, त्यांचे दगडी जिने खडे आहेत आणि काही ठिकाणी लिफ्टच्या आत पेटीत नाणे टाकल्याशिवाय ती हलत नाही. सोबत गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील तर हीच चौकशी सर्वांत महत्त्वाची ठरते.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा की आधी संग्रहालय आणि मग पाँपेई. पाँपेईतील उत्तमोत्तम भित्तिचित्रे, फरसबंदीतील चित्रे आणि घरगुती वस्तू नेपल्सच्या संग्रहालयात हलवलेल्या आहेत. त्या आधी पाहिल्या, तर पाँपेईतील उघड्या भिंतींच्या घरांत आपले मन ती चित्रे परत लावू शकते. संग्रहालय मंगळवारी बंद असते, हे तिकिटे काढतानाच लक्षात घ्यावे. आपली मूर्ती ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ठेवली जाते. पाँपेईतील शृंगारिक वस्तू तेथे असल्याने लहान मुलांबाबत प्रवेशाचे वेगळे नियम असतात, आणि वस्तू कधी अन्य प्रदर्शनांसाठी बाहेरही जातात, म्हणून आधी चौकशी करावी. मूर्ती वीतभर उंचीची आहे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, मनगटापासून कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या, पायांत जड वाळे, आणि डोक्यावरून खाली आरपार पाडलेले छिद्र. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय, असे त्या छिद्रावरून म्हटले जाते. लक्ष्मी म्हणून तिची ख्याती झाली असली तरी ती यक्षी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या मूर्तीचे छायाचित्र फोनमध्ये सोबत न्यावे आणि दोन्ही एकमेकींशेजारी धरून पाहाव्यात. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते आणि दालनातील इतर वस्तूंकडे त्या दिवशी माझे लक्षच गेले नाही.

पाँपेईला जाण्यासाठी गारिबाल्दी स्थानकाच्या खालच्या भागातून ‘चिर्कुमवेसुव्हियाना’ नावाची उपनगरी गाडी सुटते. सोरेंतोकडे जाणारी गाडी पकडून ‘पाँपेई स्कावी’ या थांब्यावर उतरावे. साधारण पाऊण तास लागतो. गाडीत मुंबई लोकलसारखी गर्दी असते आणि खिसेकापूही असतात, म्हणून पासपोर्ट कपड्यांच्या आतील पिशवीत ठेवावा. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले हे नगर पाहायला पूर्ण दिवस लागतो. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे तिकीट घरूनच काढावे आणि पासपोर्ट सोबत बाळगावा. सावली फार कमी आहे, रस्त्यांचे दगड उंचसखल आहेत. बळकट तळव्याचे बूट, टोपी आणि पाण्याची बाटली एवढे हवेच. ‘व्हिया देल्लाबोंदान्झा’ हा मुख्य रस्ता. आपली मूर्ती त्याच रस्त्यालगतच्या एका घरात सापडली. ज्यांना एवढी चाल झेपणार नाही त्यांनी त्याच रेल्वेमार्गावर पाँपेईच्या आधी येणाऱ्या एर्कोलानोला उतरावे, तेही त्याच उद्रेकात गाडले गेलेले नगर आहे. तेथील उत्खनन आटोपशीर आहे आणि जळून कोळसा झालेले लाकडी दरवाजे व तुळया आजही जागेवर आहेत.

पोत्सुओलीसाठी भुयारी रेल्वेचा दोन क्रमांकाचा मार्ग सोयीचा आहे. तेथील रोमन बाजारपेठेच्या अवशेषांत संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत, आणि त्यांवर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली छिद्रे दिसतात. येथील जमीन शतकानुशतके खाली जाते आणि पुन्हा वर येते, खांब काही काळ समुद्रात बुडालेले होते, त्याची ही खूण आहे. हा सारा परिसर ज्वालामुखीय असून अलीकडे जमीन पुन्हा उचलली जात असल्याने भूकंपाचे धक्के बसतात. मे २०२४ मध्ये ४.४ आणि मार्च २०२५ मध्ये ४.६ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. १९९३ च्या ३० सप्टेंबरची किल्लारीची पहाट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वाचून धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. अशा व्यक्ती सोबत असतील तर पोत्सुओलीत मुक्काम न करता दिवसा जाऊन यावे आणि निघण्यापूर्वी स्थानिक सूचना पाहाव्यात.

शाकाहारी माणसाची नेपल्समध्ये उपासमार होत नाही, पण विचारून खावे लागते. पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणावे, आणि पुढे ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे जोडावे. तेथील पारंपरिक चीज बनवताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ज्यांना ते वर्ज्य असेल त्यांच्यासाठी ‘मारिनारा’ पिझ्झा उत्तम, कारण त्यात केवळ टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल असते. जैन मंडळींनी त्यातील लसूण काढायला सांगावा. ‘तराल्ली’ नावाची कड्यासारखी गोल, खुसखुशीत बिस्किटे दिसायला निरुपद्रवी असली तरी नेपल्समध्ये ती बहुधा डुकराच्या चरबीत केलेली असतात. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसली तर ती फसवणूक समजू नये, तो बसण्याचा रिवाजी आकार आहे. घरून शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे न्यावेत, परंतु युरोपात दुधाचे पदार्थ व मांस नेण्यास मनाई असल्याने पेढे, खवा आणि तूप बॅगेत ठेवू नये. प्रमाणपत्राशिवाय ताजी फळेही बहुतांशी चालत नाहीत, तेव्हा केसर आंब्याची पेटी घरीच राहू द्यावी.

आपला तीन पिनांचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर लागतो. यूपीआयवर विसंबून राहू नये. फॉरेक्स कार्ड आणि थोडे सुटे युरो पुरतात. बसचे तिकीट इंग्रजी ‘T’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते आणि बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावाच लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आणीबाणीसाठी ११२ क्रमांक आहे.

सात रात्रींचा मुक्काम मिळाला तर एक दिवस प्रोचिदा बेटासाठी ठेवावा. जवळच्याच प्रसिद्ध काप्री बेटाच्या तुलनेत ते शांत आणि स्वस्त आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून बेटाचा दिवस परतीच्या आदल्या दिवशी मुळीच ठेवू नये. तो आठवड्याच्या मध्यात ठेवावा आणि शेवटची सकाळ मोकळी ठेवून, संग्रहालय उघडे असेल तर, त्या काचेसमोर पुन्हा एकदा जाऊन यावे.