जुन्या ट्रकचा पुढचा ॲक्सल : स्टिअरिंग बॉक्सला हात शेवटी लावा

गळीत हंगामभर शेताच्या बांधापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत उसाच्या खेपा ओढलेला ट्रक उन्हाळ्यात गॅरेजला येतो, तेव्हा चालकाची तक्रार बहुधा एकच असते : स्टिअरिंग ढिले झाले आहे, बॉक्स आवळून द्या. ही मागणी मान्य करणे सोपे असते, कारण बॉक्सचा स्क्रू फिरवायला पाच मिनिटे पुरतात आणि गाडी गेटबाहेर पडेपर्यंत घट्टही वाटते. परंतु पाच-सहा लाख किलोमीटर धावलेल्या गाडीतील ढिलाई एका जागी नसते; ती किंगपिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती उभी पिन), चाकाचे बेअरिंग, टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, यांत थोडी थोडी वाटलेली असते. म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वी कोणती ढिलाई कुठे आहे, हे शोधण्यात अर्धा दिवस घालवावा.

पहिली तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी, कारण जॅकवर उचललेल्या गाडीत वजनाखालचे दोष लपतात. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवून मदतनीसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि आपण गाडीखाली न शिरता बाजूने, बॅटरीच्या उजेडात, एकेक सांधा पाहावा. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन ड्रॅग लिंक हलवणारा हात) जागचा हलत नाही, तर दोष बॉक्समध्ये आहे. ड्रॉप आर्म हलतो पण ड्रॅग लिंक उशिरा हलते, तर त्या बॉल जॉइंटमध्ये आहे. सांध्यावर बोटे टेकवून ठेवली की डोळ्यांना न दिसणारी हालचालही हाताला कळते.

त्यानंतर मागच्या चाकांना ठोकळे लावून ॲक्सल जॅकने उचलावा आणि घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावा. खुटखुट जाणवल्यास मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावा. ब्रेक दाबल्यावर खुटखुट थांबली, तर ती चाकाच्या बेअरिंगची होती. तशीच राहिली, तर किंगपिन आणि तिचे बुश झिजले आहेत. या एका चाचणीने पुष्कळ खर्च वाचतो. मी स्वतः एकदा ती न करता दोन्ही टाय रॉड एंड बदलले होते आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर पुढची चाके पूर्वीसारखीच थरथरली, कारण झिजला होता तो किंगपिनचा खालचा बुश.

टायरही बरेच सांगतो. रबराची कड एका दिशेने हात फिरवताना गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागत असेल, तर टो-इन, म्हणजे पुढची चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे किंचित वळलेली असणे, बिघडले आहे. एकाच बाजूचा खांदा झिजला असेल, तर किंगपिनची ढिलाई किंवा वाकलेला ॲक्सल यांची शंका घ्यावी. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर आणि बेअरिंग पाहावे.

दुरुस्ती पाट्यांपासून सुरू करावी, कारण ॲक्सल जागेवर नसेल तर पुढची सगळी मापे व्यर्थ ठरतात. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर मोजून हे ताडता येते. शॅकलची (पाट्याचे टोक टांगणाऱ्या कडीची) पिन आणि बुश जोडीने बदलावेत. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी असल्यास काढण्यापूर्वी तिची जाड बाजू कोणीकडे होती, याची खूण करून ठेवावी; ती उलटी बसली तर कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बदलतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत, कारण एकदा पूर्ण आवळलेला बोल्ट ताणला गेलेला असतो. नवे बोल्ट गाडीचे वजन पाट्यांवर असताना, समोरासमोरचे आळीपाळीने, आवळावेत.

किंगपिनचे काम मात्र घाईने होत नाही. प्रथम पिनला जागेवर धरणारी अडकण काढावी, मग पिन प्रेसने किंवा जाड पंचाने बाहेर काढावी. गॅसने ॲक्सल तापवून पिन सोडवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने पोलादाची ताकद जाते. पिन ॲक्सलच्या डोळ्यात (टोकाच्या भोकात) घट्ट आणि स्टब ॲक्सलच्या (चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागाच्या) बुशमध्ये फिरती असावी लागते. डोळाच मोठा झाला असेल तर नवीन किट घालून उपयोग नाही. ते काम चांगल्या मशीन शॉपकडे द्यावे आणि कारखान्यांचे उद्यमनगर जवळ असताना कोल्हापूरकराला ते अवघड नाही. नवे बुश बसवताना त्यांचे भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलेच पाहिजे, अन्यथा ग्रीस कधीच आत जाणार नाही. रीम करावे (आतून कापून मापात आणावे) लागणारे बुश लांब रीमरने, वरचा आणि खालचा एकाच रेषेत, कापून घ्यावेत. वेगवेगळे कापल्यास पिन तिरकी बसून स्टिअरिंग जड होते. वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग ॲक्सलच्या डोळ्याखाली बसते आणि उभी ढिलाई डोळ्यावरच्या शिमने (पातळ चकतीने) कमी केली जाते. किती फट ठेवायची, ते त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावे.

पंचगंगेच्या पुराचे पाणी २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. अशा पाण्यातून हबपर्यंत बुडून गेलेल्या गाडीचे हब लगेच उघडावे. ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल, तर पाणी आत शिरले आहे. बेअरिंग धुऊन, वाळवून, त्यावर गंजाचे डाग दिसल्यास बदलून, नव्या सीलसह बसवावे.

टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असतात. जुना एंड काढताना किती फेऱ्यांत निघाला, ते मोजून नवा तितक्याच फेऱ्यांत बसवला तर टो-इन निदान जवळपास राहते. खाचांचा नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर भोक जुळत नसेल तर तो पुढे आवळून जुळवावा, मागे ढिला करून नव्हे, आणि स्प्लिट पिन नवीच घालावी. वाकलेला स्टिअरिंग आर्म सरळ करणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे यांपैकी काहीही करू नये. आंबा घाटाच्या उतारावर भरल्या गाडीचे नियंत्रण या एका भागावर अवलंबून असते.

एवढे झाल्यावरही स्टिअरिंगची मोकळी फेरी (चाके न वळता होणारी) उरली, तरच बॉक्सकडे वळावे. बॉक्समधील दाते मधल्या, म्हणजे सरळ चालण्याच्या, जागी सर्वांत जास्त झिजतात. ती झीज भरून काढण्यासाठी स्क्रू जास्त आवळला तर वळणावर दाते अडकतात.

शेवटी टो-इन मोजावे. चाके उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढून त्यात खिळ्याने बारीक रेघ आखावी. गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी, दोन्ही रेघांमधील अंतर पुढून हबच्या उंचीवर मोजावे, मग चाके अर्धा फेरा पुढे सरकवून त्याच खुणांमधील अंतर मागून मोजावे. मागचे माप पुढच्यापेक्षा जितके जास्त, तितके टो-इन. ते पुस्तिकेप्रमाणे जुळवून क्लॅम्प आवळावेत, सगळ्या निपलांना ॲक्सल उचललेला असताना ताजे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरावे आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.