बोल्ट तुटला? आधी ड्रिल मशीन खाली ठेवा (या चुका टाळा)

गाडीचा बोल्ट तुटला की पहिल्या दहा मिनिटात माणूस जे काही करतो ना, त्यानंच निम्मं काम बिघडतं बगा. "तुटला का? आण रे ड्रिल." झालं, वाकडं भोक पडतं, आटे जातात, अन् मग गाडी ढकलत गॅरेजला. तुटलेला बोल्ट बहुतेक वेळा निघतो हो, पण घाईत पाडलेलं वाकडं भोक सरळ करायला लई त्रास होतो.

पहिलं हे बगा की बोल्ट तुटला कसा. खोलताना तुटला असेल तर तो आत गंजून धरलेला आहे, म्हणजे काम अवघड. पण आवळताना नाहीतर चालत्या गाडीत तुटला असेल तर आतला तुकडा बऱ्याचदा मोकळाच असतो, कारण डोकं गेलं की ताण गेला. तिथं ड्रिल कशाला? टोकदार पंच तुकड्याच्या कडेला तिरका ठेवा अन् खोलायच्या दिशेनं बारीक बारीक टिचक्या मारा, फिरायला लागला की नोज प्लायरनं धरून बाहेर. क्लच कव्हरच्या बोल्टचं डोकं तुटलं तर तिथं बी हेच, बाकीचे बोल्ट काढून कव्हर ओढून घ्या, आतला दांडा वर उभा दिसंल, वाइज ग्रिपनं धरून फिरवा. लोक कव्हर न काढताच वरून भोक पाडत बसतात, काहून ते त्यांनाच माहीत.

आता गंजून धरलेला. आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल इंजिनखाली अन् फुटरेस्टच्या बोल्टांवर बसतो, वाळून दगड होतो, आत ओल धरून ठेवतो, अन् धुवायचं कुणाच्या मनात दिवाळीपर्यंत येत नाही. त्यात इंजिनचं हेड अन् क्रँककेस (खालचा सांगाडा) अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, पाणी मिळालं की दोन धातूंच्या मधी पांढरी पावडर धरते अन् बोल्ट जागेवर जाम होतो. सायलेन्सरचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) तर वरून भाजतात बी. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर मारायचा, ही सगळ्यात मोठी चूक. 6 एमएमचा बोल्ट म्हणजे 8 नाहीतर 10 नंबरचा पाना, त्याला मनगटाचाच जोर पुरतो, पाइप लावला की तुटणारच. रस्ट स्प्रे मारा अन् रात्रभर राहू द्या, सकाळी परत मारा. स्प्रे मारून पाचच मिनिटात पाना लावणारे लई आहेत, त्यांचा स्प्रे वाया जातो अन् बोल्ट बी.

तरी हलत नसेल तर गरम करा, पण बोल्टला नाही, त्याच्या भोवतालच्या अॅल्युमिनियमला. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पकड ढिली होते. टाकी काढून लांब ठेवा, पेट्रोलचा पाइप बंद, स्प्रे पुसून घ्या. अन् एक ध्यानात ठेवा, लोखंडासारखं अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, 660 डिग्रीच्या आतच सरळ वितळतं. ब्लो टॉर्च एका जागी धरून ठेवायचा नाही, फिरवत राहायचा.

ड्रिल करायचंच असेल तर सगळा खेळ पंचच्या खुणेवर आहे. तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं, एका बाजूला उंच असतं, तिथं बिट ठेवला की घसरून मऊ अॅल्युमिनियमकडं पळतो. आधी कानशीनं नाहीतर छोट्या ग्राइंडरनं तोंड सपाट करा, मधोमध हलकी खूण पाडा, चारी बाजूंनी बगा, मधोमध नसेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा, अन् मगच जोरात ठोका. मग अडीच-तीन एमएमचा बिट, मशीन सावकाश, तेलाचे थेंब. उलटा फिरणारा बिट मिळाला तर लईच भारी, कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा त्याच्यासंगं फिरून बाहेर येतो.

अन् तो इझी आऊट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून घालायचा उलट्या आट्याचा खिळा! जाम बोल्टात तो घालून ताकद लावू नका. तो पाचरीसारखा आत जातो, भोक मोठं असलं तर बोल्टची भिंत फुगवून उलट जास्तच आवळतो, अन् बारका असला तर आत मोडतो. त्याचं पोलाद एवढं कडक की साधा बिट त्याच्यावर नुसता घसरतो. मग हेड उतरवून संभाजीनगरला वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत स्पार्क मशीनवाल्याकडं (विजेच्या ठिणगीनं कडक पोलाद झिजवतात ते) नेणं आलं. हिंगोली-परभणीहून तेवढ्यासाठी जायचं का, तुम्हीच सांगा.

माझं मत विचाराल तर तुकडा थोडा जरी वर दिसत असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्यावं. दुहेरी फायदा, धरायला नट मिळतो अन् उष्णतेनं बोल्ट सुटतो. वेल्डिंगनंतर लाली जाऊ द्या, मग पुढं-मागं, पुढं-मागं हलवत काढा, एका दमात नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका, 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळाला तर बोल्टचं दुःख विसराल.

काहीच जमलं नाही तर बिट वाढवत 6 एमएमच्या बोल्टला 5 एमएमपर्यंत जा, 8 एमएमच्याला 6.8, अन् टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून उरलेले आटे साफ करा. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या, एमसील भरून बोल्ट चिकटवायचा नाही, सायलेन्सरच्या गरमीत ते टिकत नाही.

नवीन बोल्ट घेताना जुना संगं न्या. लांबी जास्त झाली तर तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला पण कव्हर ढिलंच राहतं. डोक्यावर 8.8 लिहिलेला घ्या, बिनछापाचा मऊ असतो. सायलेन्सरच्या स्टडला कॉपर ग्रीस लावा, रिंग नवी टाका, दोन्ही नट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. 6 एमएमला 10-12 न्यूटन मीटर पुरतं, टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) नसेल तर आखूड पाना वापरा. एकदा गाडी गरम करून आणा, पार थंड होऊ द्या, अन् नट परत तपासा, गरम इंजिनवर आवळायची हौस नको.