सेकंडहँड आर-१५ घ्यायची आहे? बघायला जायच्या आधीपासून इन्शुरन्स नावावर होईपर्यंतची तयारी

सेकंडहँड स्प्लेंडर घेणं वेगळं आणि सेकंडहँड आर-१५, म्हणजे यामाहाची स्पोर्ट्स बाइक घेणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. आर-१५ घ्या, आरएस २०० घ्या, केटीएमची आरसी २०० नाहीतर जिक्सर एसएफ घ्या, ह्या सगळ्या फेअरिंगवाल्या गाड्या, म्हणजे इंजिन आणि चासीचा बराचसा भाग प्लास्टिकच्या आत झाकलेला, आणि आधीचा मालक बऱ्याचदा विशीतला पोरगा, ज्याने गाडी पळवायलाच घेतलेली असते. त्यात त्याचं काही चुकलं नाही, गाडी त्यासाठीच आहे, पण जोरात पडलेली गाडीसुद्धा नवीन फेअरिंग आणि स्टिकर लावून शोरूमसारखी दिसू शकते आणि पैसे बहुतेक वेळा आईवडिलांचे असतात, म्हणून सगळं नीट सांगतोय.

सुरुवात गाडीपासून नाही, नंबरपासून करा. विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर मागा आणि घरी बसूनच एमपरिवहन ॲपवर टाकून बघा, पासिंग कधीचं आहे, मालक कितवा आहे, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, आणि फायनान्सचा बोजा आहे का. बोजा दिसला आणि समोरचा म्हणाला की लोन तर कधीच फिटलं, तर त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आणायला सांगा, कारण आरसीवरचं एचपी, म्हणजे नोंदणीच्या कागदावरची कर्जाची नोंद, उतरल्याशिवाय गाडी सहसा तुमच्या नावावर चढत नाही. ई-चलान पण लगेच चेक करा, ह्या गाड्यांवर स्पीडचे आणि ट्रिपल सीटचे चलान साठलेले असतात, ते त्यानेच भरायचे, सौद्याच्या आधी. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा. आणि कर्नाटक, दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर जरा थांबा, तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, त्यामुळे जी बचत वाटते ती बरीचशी तिथेच संपते, माझं मत विचाराल तर पहिल्या गाडीसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या पासिंगची गाडी घ्या.

मॉडेलबद्दल एकच आग्रह आहे, एबीएसवाली घ्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे आर-१५ ची २०१८ ची व्हर्जन ३ आणि २०१९ ची व्हर्जन ३ फोटोत सारखीच दिसली तरी ब्रेकमध्ये मोठा फरक आहे. दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी चालतील.

आता गाडी बघायला जाताना. सकाळी जा, दिवसाउजेडी जा आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याची हजेरी द्या, ते पैसे वाया जात नाहीत. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नको, गेल्यावर पहिलं इंजिनला हात लावून बघा, थंड पाहिजे, कारण गरम इंजिन कसंही स्टार्ट होतं, खरा आवाज आणि धूर थंड इंजिनवरच कळतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग गाडी पडलेली आहे का ते शोधा, त्यासाठी फेअरिंग बघू नका, फेअरिंग बदलता येतं, हँडलच्या टोकाची वजनं बघा, क्लच-ब्रेक लिव्हरची टोकं, फूटरेस्टचं टोक, इंजिनचं क्लच कव्हर, स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) टोक, इथले ओरखडलेले पार्ट बरेच जण बदलायचे विसरतात. फेअरिंगचे स्क्रू सगळे आहेत का, आतल्या खाचा तुटून फेव्हिक्विकने चिकटवल्यात का, एका बाजूचा रंग दुसरीपेक्षा ताजा आहे का. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा आणि चासीवर जिथे ते टेकतं तो स्टॉपर बघा, तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली आहे, मग रंग कितीही चमकत असो, तिथून निघून या. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलचे गोल दिसले तर सील गेलेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा, टकटक लागली तर कोनसेट म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग गेलंय. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते बदलायचंच. चेन-स्प्रॉकेट, डिस्कची झीज, कूलंट, रेडिएटरचा फॅन, हे मेकॅनिकला बघू द्या. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, फूटरेस्टचं रबर आणि हँडलच्या ग्रिप बघा, मीटरवर बारा हजार आणि रबर गुळगुळीत असं जमत नाही. चालवून बघताना हेल्मेट घाला, सरळ रस्त्यावर हँडल सैल धरलं की गाडी एका बाजूला ओढते का ते बघा, आणि चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा लागून गाडी चालायला लागल्यावर विझला पाहिजे, लागतच नसेल तर कोणीतरी तो दिवाच काढलाय.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर ओरिजिनल सायलेन्सर आहे का ते विचारा आणि सौद्यातच मागून घ्या. पोलीस तसले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात ते सगळ्यांनी बघितलंय, आणि क्लेमच्या वेळी न सांगितलेलं मॉडिफिकेशन इन्शुरन्सवाल्यांच्या हातात आयतं कारण देतं.

सौदा ठरला की विसार थोडाच द्या, बाकी रक्कम बँकेतूनच ट्रान्सफर करा. गाडी नावावर करायचे टीटी फॉर्म म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, त्यावर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि नंतर बघू म्हणायचं, हे अजिबात करू नका. इंजिन नंबर, चासी नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी ताडून बघा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर विकणाऱ्याचाच आणि चालू आहे ना ते आधी विचारा, ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी तिकडे जातो आणि तो पोरगा नोकरीला बंगलोरला गेला की तुम्ही अडकलात. डिलिव्हरीचा कागद करा, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. विकणारा घाईत असेल तर त्यालाही समजावून सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकलेली असली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, म्हणजे नाव बदलण्याची गरज त्यालाही तुमच्याइतकीच आहे.

आता इन्शुरन्स, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात कारण घरात सगळे त्याला पोलिसांना दाखवायचा कागद समजतात. विकणारा म्हणतो इन्शुरन्स २०२६ पर्यंत आहे. बरोबर असतं, पण कुठला? सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा इन्शुरन्स, पाच वर्षांचा घ्यावा लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग म्हणजे ओन डॅमेज मात्र बऱ्याच जणांनी पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नसतो, म्हणजे २०२१ च्या गाडीचा थर्ड पार्टी २०२६ पर्यंत आणि ओन डॅमेज २०२२ लाच संपलेला. पॉलिसीची पीडीएफ मागा आणि दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा.

गाडी घेतली की चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स कंपनीकडे पॉलिसी तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कायद्याने गाडीबरोबर येतो, ओन डॅमेज येत नाही, ह्या मधल्या काळात गाडी पडली किंवा चोरीला गेली तर जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर तुम्हाला काही मिळणं फार अवघड आहे. नवीन आरसी यायला वेळ लागतो, तोपर्यंत फॉर्म २९-३० आणि आरटीओची पावती जोडून अर्ज करा, थांबून राहू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आधीच्या मालकाचा ५० टक्के असला तरी तुम्हाला शून्यापासून सुरुवात आणि चालू पॉलिसीतला फरक भरावा लागतो, हे आधीच बजेटमध्ये धरा.

थर्ड पार्टीच्या दरात एक गंमत आहे, ७५ च्या वर १५० सीसीपर्यंत वर्षाला ७१४ रुपये आणि १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ (जून २०२२ पासूनचे दर, वर जीएसटी). जुनी व्हर्जन २ आर-१५ आहे १४९ सीसीची आणि व्हर्जन ३ आहे १५५ ची, म्हणजे सहा सीसीला जवळपास दुप्पट. म्हणून जुनी घ्या असं मी म्हणणार नाही, फक्त आकडा बघून दचकू नका.

ओन डॅमेज घ्याच, आणि मिळत असेल तर झिरो डेप म्हणजे पार्टचा घसारा न कापणारी पॉलिसी घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात, आणि ही गाडी नुसती जागेवर आडवी झाली तरी खर्च होतो तो सगळा फेअरिंगवर, म्हणजे प्लास्टिकवरच. स्प्लेंडरवाल्याला हे लागू पडत नाही, तुम्हाला पडतं. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की झिरो डेप मिळणं अवघड होतं, मॉडेल निवडताना हेही डोक्यात ठेवा. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका, चोरी झाली तर तेवढेच पैसे मिळतात. पॉलिसी संपलेली असेल तर कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागते, ते होईपर्यंत गाडी घरी लावून ठेवा, विनाइन्शुरन्स पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार दंड आहे आणि कोणाला लागलं तर भरपाई घरच्यांच्या खिशातून जाते. १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर मालक-चालकाला असतं, म्हणजे आरसीवर नाव असणाऱ्याला आणि लायसन्स असणाऱ्याला, बाबांच्या नावावर गाडी घेऊन मुलगा चालवणार असेल तर ते मुलाला लागू नाही, त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढा. मुलाचं लायसन्सही गिअरच्या गाडीचं आहे ना ते बघून घ्या.

पॉलिसी हातात आली की नाव, इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी आणि पासिंगची तारीख आरसी समोर ठेवून एकेक अक्षर वाचा, चूक असेल तर त्याच आठवड्यात ईमेल करून दुरुस्त करून घ्या, आणि विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, पैशांची पावती, डिलिव्हरीचा कागद नवीन आरसी पोस्टाने घरी येईपर्यंत एकाच फाइलमध्ये ठेवा.