मांजराला गुठळीरोधक औषध घरी कसे द्यावे

हृदयाचा स्नायू जाड झालेल्या मांजराच्या डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) रक्त साचते आणि तिथे गुठळी धरते. ती सुटून महाधमनीच्या शेवटच्या फाट्यात अडकली की मांजर अचानक किंचाळते आणि मागचे पाय ओढू लागते. पाय गार पडतात, पंजाच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. अशा वेळी पाय चोळू नयेत, शेकू नयेत, पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये, कारण ते मांजरासाठी जीवघेणे असते. तडक पशुवैद्याकडे न्यावे. तिथे वेदनाशामकाबरोबर बहुधा हेपारिन टोचतात. ते झालेली गुठळी विरघळवत नाही, फक्त वाढू देत नाही. ‘रक्त पातळ करणारे औषध’ हा शब्दही तसा फसवाच, कारण रक्त पातळ होत नाही, ते उशिरा गोठते.

यातून वाचलेल्या मांजराला पुढे बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल सांगतात. ते रक्तातील बिंबिकांना (गुठळी धरणाऱ्या प्लेटलेट पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुन्हा गुठळी होईपर्यंतचा मध्यक काळ ॲस्पिरिनवर 192 दिवस, तर क्लोपिडोग्रेलवर 443 दिवस होता.

नेहमीची मात्रा दिवसातून एकदा 18.75 मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या 75 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. पण ती पशुवैद्याने ठरवल्याखेरीज सुरू करू नये. प्रथम गोळी कापायच्या डबीत ठेवून तिचे चार तुकडे करावेत. औषध इतके कडू असते की नुसता तुकडा जिभेला लागला तरी मांजर तोंडाला फेस आणते, म्हणून तो रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरावा. मग डोके किंचित वर करून कॅप्सूल जिभेच्या मुळाशी टाकावी आणि लगेच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेतून थोडे पाणी सावकाश सोडावे, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून राहते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

रोज हिरड्या आणि पोटाची कातडी पाहावी. लाल ठिपके, निळे डाग, नाकातून रक्त किंवा डांबरासारखी काळी विष्ठा दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध चालू असल्याचे आवर्जून सांगावे. घरात ब्रोमॅडिओलोनचे उंदीरनाशक ठेवू नये. तेही रक्त गोठू देत नाही, आणि त्यावर लागणारे के-1 जीवनसत्त्व क्लोपिडोग्रेलचा परिणाम मात्र उतरवत नाही.