उंबरावरचा ट्रॉपिकल टायगर मॉथ: ओळखताना आणि हाताळताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातून मला फोटो यायला लागतात. पडवीतल्या बल्बखाली भिंतीला चिकटून बसलेला तपकिरी पतंग, पंखांच्या बुडाशी नारिंगी पट्टा, त्यावर काळे ठिपके. खाली प्रश्न ठरलेला: "भाऊ, संत्र्याले डसते ते हेच पाखरू आहे ना?" माझं उत्तर पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा चप्पल बसलेली असते.

ते पाखरू हे नाही. फोटोतला पतंग असोटा कॅरिकी, म्हणजेच ट्रॉपिकल टायगर मॉथ. त्याच्या अळ्या उंबर, काळा उंबर अशा झाडांच्या पानांवर वाढतात, संत्र्याच्या बागेशी त्यांचं देणंघेणं नाही. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली याला नाव दिलं तेही अंजिराच्या लॅटिन नावावरून. उंबर अंजिराच्याच गणातला, म्हणजे याचं झाड कोणतं ते नावातच सांगितलेलं आहे.

नावावर जाऊ नका

नावात टायगर मॉथ असलं तरी हा खऱ्या टायगर मॉथांपैकी नाही. खरे टायगर मॉथ आर्कटिनी या उपकुळातले, असोटा अगॅनायनी या शेजारच्या उपकुळातला. दोन्ही आज एरेबिडी या मोठ्या कुळात मोडतात. जुन्या पुस्तकांत असोटाची मंडळी वेगळ्याच कुळात सापडतात, त्यामुळे जुनं पुस्तक आणि नवं संकेतस्थळ शेजारी ठेवलं की गोंधळ उडतो. फरक बघायचा असेल तर पतंगाचा चेहरा बाजूने बघा. असोटाच्या तोंडाजवळचे दोन बारीक, गुळगुळीत पाल्प (स्पर्शकं) डोक्यासमोरून शिंगांसारखे वर वळलेले दिसतात. अळीतही फरक आहे: टायगर मॉथच्या अळीला केसांचे दाट झुबके असतात, असोटाच्या अळीला लांब पण विरळ केस.

खरे टायगर मॉथ नागपुरात बघायचे तर अंबाझरीच्या गवताळ भागात दिवसाउजेडी फिरा. खुळखुळ्याच्या झुडपांजवळ पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला छोटा यूटेथिसा उडताना दिसतो. तागावर नारिंगी अर्जिना. आणि काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या असलेला सिंटोमिस, ज्याला लोक गांधीलमाशी समजून दूर पळतात. तोही टायगर मॉथच, आणि तो चावत नाही.

फोटो पाठवताना एक करा. नुसते मिटलेले पंख वरून टिपलेत तर असोटा कॅरिकी आणि त्याचा भाऊबंद असोटा फायकस यांच्यात गफलत होते. पुढच्या पंखाचं बूड, फिकट शिरा आणि मागचा पिवळा पंख, तिन्ही दिसायला हवं. मागचा पंख दिसावा म्हणून बोटाने ताणू मात्र नका, खवले झडतात. पतंग थोडा सरकला की तो स्वतःच पंख उघडतो, तेवढा धीर धरा.

संत्र्याचा चोर कोण, ते फळाला विचारा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात गळायला लागली की शेतकरी घाबरतो, आणि ते साहजिक आहे, वर्षाची कमाई झाडाखाली पडलेली असते. पण नारिंगी रंग दिसला की मार, असं केल्याने गळ थांबत नाही.

फळ टोचणारे खरे पतंग यूडोसिमा गटातले: यूडोसिमा मॅटर्ना, यूडोसिमा फॅलोनिया आणि त्यांचे सोबती. असोटापेक्षा बरेच मोठे. पुढचा पंख वाळलेल्या पानासारखा, मागचा गडद नारिंगी, त्यावर मॅटर्नाला गोल काळा ठिपका तर फॅलोनियाला स्वल्पविरामासारखा वाकडा डाग. यांच्या सोंडेचं टोक टणक आणि काटेरी असतं. आरी टोचावी तशी ती साल फोडून आत शिरते. असोटा मंडळी पक्क्या, न फुटलेल्या सालीला भोक पाडणारी नाहीत.

एकदा नरखेडजवळच्या एका वावरात रात्री नऊच्या सुमारास काकाजींसोबत टॉर्च घेऊन फिरलो. टॉर्चच्या उजेडात यूडोसिमाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले. पतंग फळावर बसलेला, सोंड आत, टॉर्च जवळ नेला तरी हलेना. तो उडाल्यावर काकाजींनी ते संत्रं हलकेच दाबलं, तशी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून रसाची धार आली. "हे पहा बाप्पा, एवढुसं भोक!" असं म्हणून ते कितीतरी वेळ त्या फळाकडे बघत राहिले. त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत जातात, भोवतीची साल मऊ पडते आणि काही दिवसांत फळ गळतं.

म्हणून गळलेलं फळ आधी कापा. आत वळवळणाऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी, तिचा उपाय वेगळा. अळी नाही, सालीला बारीक भोक आहे आणि दाबल्यावर रस येतो, तर रस शोषणारा पतंग. यांपैकी काहीच नसेल तर पाणी, अन्नद्रव्यं किंवा बुरशीकडे बघा. आणि फळावर पतंग बसलेला दिसला म्हणून त्यानेच भोक पाडलं असं धरू नका. आधीच फुटलेल्या फळाचा रस चाटायला इतर अनेक पतंग येतात.

यूडोसिमाच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत. त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. काढा करायला हाताशी असावी म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुळवेल लावणारे बागायतदार मला भेटलेत. ती घराच्या अंगणात न्या, बागेच्या कडेला नको. वेलीवर डोक्याकडची बाजू आत दुमडून, शेपटीकडची वर उचलून बसलेली आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर ती यूडोसिमाची. गळलेली फळं झाडाखाली कुजू न देता रोज वेचून खोल पुरा, त्यांच्या वासाने पतंग येतात. संध्याकाळी बागेत धूर करण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे, पण अंधार पडतानाच सुरू करा, रात्री अकराला नव्हे. औषधाच्या आमिषाचं प्रमाण नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवा, दुकानदाराच्या अंदाजावर नको.

उंबरावर फवारणी करू नका

असोटाच्या लहान अळ्या पानाखाली घोळक्याने असतात, पान खरवडून जाळी करतात. ते बघून "आता या सोयाबीनवर उतरतील" म्हणून अख्ख्या झाडावर फवारा मारला जातो. या अळ्या सोयाबीनवर उतरत नाहीत. सोयाबीनची पानं कागदासारखी पांढरी करणारी बिहार केसाळ अळी वेगळी, स्पायलार्क्टिया ऑब्लिका, आणि गंमत म्हणजे ती खऱ्या टायगर मॉथची अळी आहे. तिची लहान पिल्लंही घोळक्याने असतात, म्हणून सोयाबीनवर तसं जाळीदार पान दिसलं की ते अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

उंबराची चार पानं गेली तरी तो पुन्हा पालवतो. फवाऱ्याने मात्र केंबरं, म्हणजे उंबराच्या फळातले बारीक किडे, मरतात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं, आणि तिथपर्यंत पराग नेणारी सेरॅटोसोलेन ही इवलीशी माशी आपल्या केंबरांपैकीच. ती गेली तर बी धरत नाही आणि फळं कच्चीच गळतात. मग तांबट, हरियाल हे पक्षी त्या झाडावर कशाला येतील?

केस टोचले तर चोळू नका

असोटाच्या अळीने फार त्रास होत नाही, पण अळी ओळखता येत नसेल तर हात लावूच नका. खरी आग होते ती यूप्रॉक्टिससारख्या अळ्यांच्या झुबक्यांनी. टोचलेल्या जागी चिकटपट्टी दाबून उचला, केस निघतात. मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टरकडे.

अळी पाळताना

मुलांना अळीचा पतंग होताना दाखवायचा असेल तर झाकणबंद बरणी नको, वर मलमल बांधा. उंबराचं पान तोडल्यावर चीक पुसून घ्या, ओलं पान देऊ नका, रोज ताजं द्या. ज्या झाडावरून अळी आणली त्याच झाडाची पानं द्या. तळाशी दोन बोटं माती आणि वाळका पाला हवा, कारण कोष करताना अळी त्यातलेच कण रेशमात गुंफते.

पांढरा पडदा वेळेवर गुंडाळा

नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या बाजूला किंवा गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघणारे आता वाढलेत, मला त्याचा फार आनंद आहे. पण दिवा रात्रभर सुरू ठेवून झोपून जाऊ नका. पहाटे कोतवाल आणि दयाळ त्या चादरीवर येतात आणि गारठलेले पतंग एकेक करून टिपतात. सकाळी खाली नुसते पंख उरतात. दोन-तीन तास बघा, दिवा बंद करा, आणि चादर झुडपाजवळ नेऊन हळू झटका. एखादा असोटा तेव्हाही चादर सोडत नाही. त्याच्यापुढे बोट धरा, तो चालत बोटावर येतो. मग त्याला पानाच्या खालच्या बाजूला टेकवा.