रोजचं दीड किलो मीठ

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, फिजिऑलॉजीच्या व्हायवात सरांनी एएनपी, म्हणजे एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, या हार्मोनचं काम विचारलं. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. हृदयाच्या एट्रियममधून, म्हणजे वरच्या कप्प्यातून येतं, २८ अमिनो आम्लांचं असतं, किडनीला सोडियम बाहेर टाकायला लावतं. "बरं. मग हार्ट फेल्युअरमध्ये हे हार्मोन रक्तात भरपूर असतं, तरी पेशंटचे पाय सुजतात कसे?" पुढचं अर्धं मिनिट मी टेबलावरच्या सनमायकाची नक्षी बघत बसलो. शिरोड्याच्या मिठागरांजवळ वाढलेल्या पोराची मिठाच्या प्रश्नावर दांडी उडावी, याची लाज जास्त वाटली.

किडनीत नव्याने शिरणाऱ्यांना म्हणून सांगतो, हार्मोन नंतर, आधी हिशेब. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो, लिटरमागे १४० मिलीमोल सोडियम. गुणाकार २५,००० च्या वर जातो. मिठाच्या वजनात बोलायचं तर जवळजवळ दीड किलो, रोज! तोंडावाटे मात्र ५ ग्रॅमपेक्षा कमीच जावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घ्यावंच लागतं. दोन तृतीयांश सुरुवातीच्या नळीतच, पाव भाग तिच्या पुढच्या वळणात, हेन्लेच्या लूपमध्ये. उरलेल्या थोडक्यावर शेवटच्या टप्प्यात ओढाताण चालते. अल्डोस्टेरॉन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन म्हणतं ठेव, एएनपी म्हणतं सोड. हे चित्र वहीत हाताने काढा, आकडे स्वतः भरा. मी तीनदा काढलं तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

या हार्मोनचा शोधही वाचण्यासारखा आहे. एट्रियमच्या पेशींत कसले तरी कण दिसतात, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमुळे १९५० च्या दशकातच कळलं होतं. ते तिथे कशाला, हे कोडं होतं. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एट्रियमचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत लघवीतलं सोडियम तीसपटीहून वाढलं. व्हेंट्रिकलच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या अर्काने तसं काही झालं नाही. निव्वळ पंप समजलं जाणारं हृदय ग्रंथीही निघालं. (माणसात परिणाम इतका धडाक्याचा नसतो, उंदराचा आकडा पेपरात माणसाच्या नावावर खपवू नका.)

काम कसं होतं? एट्रियम ताणला की एएनपी सुटतं. ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीतल्या गाळणाऱ्या गुच्छात येणारी रक्तवाहिनी ते सैल करतं, जाणारी आवळतं, त्यामुळे गाळणी वाढते. कलेक्टिंग डक्ट या शेवटच्या नळीच्या आतल्या भागात सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवून सोडियमची वाट अडवतं. अल्डोस्टेरॉनला आणि ते वाढवणाऱ्या किडनीतल्या रेनिनलाही दाबतं.

याचा अनुभव तुम्ही लहानपणीच घेतलाय. मे महिन्यात विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात अर्धा तास डुंबलं की लघवीला पळावं लागायचं ना? पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, एट्रियम ताणतो, त्याला वाटतं शरीरात पाणी फार झालं. सगळं श्रेय एएनपीला देऊ नका, शरीरात पाणी राखणारं एडीएच हे हार्मोनही तेव्हा कमी होतं.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इंटर्नशिपपर्यंत लटकलं. वॉर्डात एक आजोबा आले. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. रात्री दोन उशा घेऊनही दम लागायचा. रक्तातलं बीएनपी, एएनपीचंच भावंड, खूपच वाढलेलं. मिठाचं विचारलं.

"मीठ? चिमूटभर पण घेवक नाय, डॉक्टरांनू."

"मग पेजेबरोबर काय?"

"खारो बांगडो. त्येका वरसून मीठ खय घालूचा लागता?"

त्या रात्री वाचत बसलो. अशक्त हृदयाकडून किडनीला रक्त कमी पोहोचतं, म्हणून किडनीला वाटतं शरीर सुकलंय. रेनिन, अल्डोस्टेरॉन, सिम्पथेटिक नसा एकजुटीने सोडियम धरून ठेवतात. त्यांच्यापुढे एएनपी, बीएनपी दुबळी पडतात. त्यातलं बरंचसं पुरतं न कापलेल्या, कमी ताकदीच्या रूपात फिरतं, आणि कामाचं असतं त्याला नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम तोडून टाकतं. म्हणजे हाका मारणारे भरपूर, ऐकणारं कुणी नाही.

नेप्रिलायसिन अडवणारं सॅक्युबिट्रिल, व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या जोडीने, २०१४ च्या मोठ्या चाचणीनंतर वापरात आलं. पेशंट त्यावर असेल तर बीएनपीचा आकडा फसवतो, कारण औषधच त्याचं तुटणं थांबवतं. तिथे एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे बीएनपी बनताना सुटणारा दुसरा तुकडा मागवा, नेप्रिलायसिन त्याला हात लावत नाही. पोस्टिंगमध्ये यावर हमखास विचारतात.

आजोबांची सूज फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने चार दिवसांत उतरली. डिस्चार्जच्या कागदावर 'मीठ कमी' लिहून मी खाली खारा बांगडा, सुकट, लोणचं, पापड अशी नावंच घातली. ती वाचून त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि विचारलं, "सोलकढी तरी चलतली मां?"