समकालीन नृत्य आणि लैंगिकता : सोलापुरात राहून अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

या विषयाकडे वळणारे बहुतेक जण आधी उत्तर-आधुनिकतेवरची जाड पुस्तकं उघडतात आणि तिथेच अडकतात. माझं सांगणं उलटं आहे. आधी नाच बघा, आणि बघताना एकच प्रश्न धरून ठेवा : इथे कोण कुणाकडे बघतंय?

मला हा प्रश्न लावणीने दिला. आपल्या जिल्ह्यात मोडनिंबची कलाकेंद्रं आहेत, त्यामुळे लावणी बघायला लांब जावं लागत नाही. बैठकीच्या लावणीत नाचणारी बाई थेट समोरच्याच्या डोळ्यांत बघते. भुवई उचलते, क्षणभर थांबते, आणि बघणाराच अवघडतो.

आता अमेरिकन नृत्यरचनाकार इव्हॉन रेनर यांची १९६६ची ‘ट्रिओ ए’ बघा. जेमतेम पाच मिनिटांची रचना. कुठे थांबणं नाही, कुठे टाळीची जागा नाही, आणि नाचणारी व्यक्ती प्रेक्षकांशी नजर मिळवतच नाही. चेहरा प्रत्येक वेळी दुसरीकडे वळतो. न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये १९६२पासून प्रयोग करणाऱ्या रेनर आणि त्यांच्या साथीदारांना नर्तकीने प्रेक्षकाला भुरळ घालावी, हेच मान्य नव्हतं. नजर देणं काय किंवा नाकारणं काय, शरीरावर हक्क कुणाचा हा सवाल दोन्हीकडे आहे. लावणी मागासलेली आणि तिकडचे प्रयोग पुढारलेले, अशी मांडणी करू नका. ती खोटी आहे.

मग आपल्याकडच्या नृत्यरचनाकार चंद्रलेखांकडे या. ‘शरीर’ (२००१) मध्ये गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदावर एक स्त्री आणि एक पुरुष अतिशय संथ हलतात. भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला एकमेकांत मिसळतात. शृंगार आहे, पण लाजणं-मुरडणं औषधालाही नाही. त्यानंतर नृत्यरचनाकार मनदीप रायखी यांची ‘क्वीन-साइज’ (२०१६) : एक खाट, दोन पुरुष, आणि समोर समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. त्या कलमाविरुद्धच्या खटल्यात ज्यांचं नाव लागलं ते नवतेज जोहर स्वतः भरतनाट्यम नर्तक. ६ सप्टेंबर २०१८ला निकाल आला आणि प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. कायदा आणि नृत्य इतकं जवळ आलेलं क्वचितच दिसतं.

असे प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात कधी लागतील याची वाट बघू नका. मोबाइलवर मिळेल ती चित्रफीत बघा आणि वहीत फक्त क्रिया लिहा. ‘मादक’, ‘कमनीय’ असे शब्द आले की खोडा. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळली, हात आधी गेला की नजर, हे लिहा. सिद्धान्त त्यातूनच उलगडतो.

स्वतः रचना करायची असेल तर अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२मध्ये सुरू केलेलं काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन शिका. त्यात एकमेकांवर वजन टाकूनच हालचाल सुचत जाते. मात्र तालमीआधी जोडीदाराशी स्पष्ट बोलून घ्या : कुठे हात लागलेला चालेल, कुठे नाही. आणि तालमीच्या मध्येच त्याचं किंवा तिचं मन बदललं, तर कारण न विचारता थांबा.